जुन्या छोट्या विमानाच्या एएसआयवरचे रंगीत पट्टे मॅन्युअलशी कसे ताडून बघायचे

सेसना १५२ हे छोटं विमान बनणं १९८५ साली थांबलं. म्हणजे आज फ्लाइंग क्लबात तुम्हाला जे १५२ मिळतं, ते तुमच्यापेक्षा वयाने मोठं असण्याचीच शक्यता जास्त. चाळीस वर्षांत त्याचं इंजिन कितीदा उघडलेलं असतं, रंग बदललेला असतो, कधी कधी देशही बदललेला असतो. पॅनेलवरचा एअरस्पीड इंडिकेटर (एएसआय, म्हणजे वेग दाखवणारा डायल) कारखान्यातून आला तोच असेल, याची खात्री कोण देणार? आणि सीटमागच्या खिशातलं मॅन्युअल याच विमानाचं आहे का, हा तर त्याहून अवघड प्रश्न.

मी खासगी वैमानिक आहे आणि मित्रांबरोबर एका जुन्या सेसना १७२ मध्ये वाटेकरी. पट्टे ताडायचं काम पहिल्यांदा अंगावर आलं तेव्हा हँगरमध्ये जो तो वेगळंच सांगत होता. कुणी म्हणे आकडे जुळायलाच हवेत, कुणी म्हणे जुन्या विमानात एवढं चालतंच. दोन्ही अर्धवट खरं आहे. मुंबईत नव्याने उडायला शिकणारे, जुन्या विमानात हिस्सा घ्यायच्या विचारात असलेले आणि एएमईचा (विमान देखभाल इंजिनिअरचा) अभ्यास करणारे, अशा सगळ्यांसाठी हा क्रम लिहितो आहे.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. आपलं काम बघणं, लिहून काढणं आणि विचारणं एवढंच. डायल उघडणं, काचेवर रंग लावणं, नळी सोडवणं हे परवानाधारक एएमईचं काम आहे.

१. पट्टे काय सांगतात ते आधी पक्कं करा

पांढरा पट्टा म्हणजे फ्लॅप (पंखांच्या मागच्या कडेचे खाली वळणारे भाग) वापरण्याची कक्षा. त्याचं खालचं टोक म्हणजे पूर्ण फ्लॅप असताना स्टॉलचा वेग (ज्याच्या खाली पंखांची उचल तुटते) आणि वरचं टोक म्हणजे पूर्ण फ्लॅप असताना जास्तीत जास्त वेग. हिरवा पट्टा फ्लॅप वर असतानाच्या स्टॉल वेगापासून सुरू होतो आणि व्हीएनओपाशी (नेहमीच्या उड्डाणातला कमाल वेग) संपतो. तिथून लाल रेघेपर्यंत पिवळा, म्हणजे फक्त शांत हवेत आणि तेही जपून. लाल रेघ म्हणजे व्हीएनई, तिच्या पलीकडे जायचं नाही. दोन इंजिनांच्या विमानात एक निळी आणि आणखी एक लाल रेघ असते. त्यांचा इथे विचार केलेला नाही.

पट्ट्यांची खालची टोकं ज्या परिस्थितीतल्या स्टॉलची आहेत, ती लक्षात ठेवा: कमाल वजन, पॉवर बंद, सीजी (गुरुत्वमध्य) पुढे. तुम्ही दोघंच बसलेले आणि टाकी अर्धी असेल तर विमान त्या आकड्याच्या खाली स्टॉल होईल. यात डायलची चूक नाही.

डायलवर मुळात नसणारी गोष्ट म्हणजे मॅन्युव्हरिंग स्पीड, व्हीए, म्हणजे कंट्रोल पूर्ण हलवता येण्याचा कमाल वेग. तो वजनाप्रमाणे बदलतो, म्हणून प्लॅकार्डवर (कॉकपिटमधल्या सूचनेच्या पाटीवर) किंवा पुस्तकात असतो. हिरव्या पट्ट्यात आहोत म्हणजे कंट्रोल कसेही हलवले तरी चालतील, हा समज नव्या मुलांमध्ये फार आहे. १५२ मध्ये हिरवा पट्टा १११ नॉटपर्यंत जातो, पण कमाल वजनाला व्हीए १०४ आहे.

२. कागद आणि सामान

विमानाचं नोंदणी प्रमाणपत्र (त्यावर निर्मात्याचा सीरियल नंबर असतो), एअरवर्दिनेस प्रमाणपत्र आणि एआरसी (त्याच्या आढाव्याचं प्रमाणपत्र), एएफएम किंवा पीओएच (विमानाचं मॅन्युअल) सगळ्या सप्लिमेंटसह, वेट अँड बॅलन्सचा कागद, एअरफ्रेम लॉगबुक, केलेल्या मॉडिफिकेशनची आणि एडींची (बंधनकारक सुरक्षा आदेशांची) यादी, आणि एएसआय कधी बदलला असेल तर त्याच्याबरोबर आलेलं रिलीज सर्टिफिकेट: सीए फॉर्म १, एफएएचा (अमेरिकेचा विमान नियामक) ८१३०-३ किंवा ईएएसए (युरोपचा नियामक) फॉर्म १. हे सगळं एका दिवसात हातात येत नाही. क्लबात बहुतेक कागद कपाटात कुलूपबंद असतात आणि किल्ली ज्याच्याकडे असते तो जेवायला गेलेला असतो. आधी सांगून ठेवा.

यात एक कागद स्वतः मिळवा: त्या मॉडेलची टाइप सर्टिफिकेट डेटा शीट, म्हणजे टीसीडीएस. एफएएच्या संकेतस्थळावर ती फुकट मिळते. सेसना १५० आणि १५२ साठी ३ए१९, १७२ साठी ३ए१२, पायपर पीए-२८ मालिकेसाठी २ए१३. त्या शीटमध्ये ‘सीएआर ३’ असा उल्लेख दिसेल. ते अमेरिकेचे जुने नियम आहेत, डीजीसीएच्या (भारताचा विमान नियामक) सीएआरशी त्यांचा काही संबंध नाही. तो उल्लेख वाचून डीजीसीएच्या पानांवर शोधत बसू नका.

सामान थोडंच लागतं: टॉर्च, भिंग, मोबाइलचा कॅमेरा, वही आणि कॅल्क्युलेटर.

३. पुस्तक याच विमानाचं आहे ना?

डायल बघण्याआधी ही पायरी करा. माझ्या अनुभवात ‘पट्टे चुकलेत’ अशा तक्रारींचं मूळ बऱ्याचदा डायलमध्ये नसून पुस्तकात निघतं.

विमान ओळखायचं ते सीरियल नंबरावरून. व्हीटीने सुरू होणारा नोंदणी नंबर भारतात आल्यावर मिळतो आणि पुस्तकाला तो ठाऊक नसतो. शेपटीकडची किंवा दाराच्या चौकटीतली डेटा प्लेट बघा, सीरियल नंबर आणि मॉडेल अक्षरासह लिहून घ्या, मग नोंदणी प्रमाणपत्राशी जुळवा. त्यानंतर पुस्तकाच्या पहिल्या पानांवर ते कुठल्या सीरियलपासून कुठपर्यंत लागू आहे ते वाचा.

मॉडेलचं नाव पुरेसं नाही, कारण एकाच नावाखाली वेगवेगळी विमानं दडलेली असतात. १७२एन मध्ये लाल रेघ १६० नॉटवर आहे, तर त्यानंतरच्या १७२पी मध्ये १५८ वर. एनचा पांढरा पट्टा ४१ ते ८५ आणि हिरवा ४७ ते १२८, पीचा पांढरा ३३ ते ८५ आणि हिरवा ४४ ते १२७. दोन्ही विमानं शेजारी उभी केली तर नवख्याला फरक कळणार नाही. फ्रान्समधल्या रीम्सला बांधलेली असतील तर नावाआधी ‘एफ’ येतो, आणि त्यांचं पुस्तकही वेगळं.

शिवाय मॉडेल-वर्ष आणि बांधणीचं वर्ष एक नव्हे. पुढच्या वर्षाचं मॉडेल आधीच्या वर्षीच कारखान्यातून बाहेर पडू लागतं. म्हणून ‘पंचाहत्तरचं विमान आहे’ एवढ्यावर पुस्तक निवडू नका.

जुन्या विमानांत आणखी एक गोंधळ होतो. अमेरिकेत १ मार्च १९७९ नंतर पहिल्यांदा उडालेल्या विमानांबरोबर मान्यताप्राप्त एएफएम देणं बंधनकारक झालं. त्याआधीच्या लहान विमानांपैकी कितीतरी विमानांना नुसतं ओनर्स मॅन्युअल मिळायचं, म्हणजे गाडीबरोबर मिळणाऱ्या पुस्तिकेसारखी पातळ पुस्तिका. अशा विमानांच्या बाबतीत मर्यादांचा खरा आधार म्हणजे टीसीडीएस, प्लॅकार्ड आणि खुद्द डायलवरचे पट्टे. पुस्तिका आणि टीसीडीएस यांत फरक दिसला तर एएमईकडे जा, स्वतः निवाडा करू नका.

शेवटी सप्लिमेंट. विमानावर एसटीसीखाली (बदलाला मिळालेल्या मान्यतेखाली) काही बदल झाला असेल, जसं विंगवर व्होर्टेक्स जनरेटर, स्टोल किट (कमी धावपट्टीत चढण्या-उतरण्यासाठीचं), मोठं इंजिन किंवा वाढवलेलं कमाल वजन, तर त्याचं सप्लिमेंट मूळ पुस्तकातले आकडे बदलू शकतं आणि मग सप्लिमेंटचाच शब्द चालतो. एखाद्या एडीने व्हीएनई खाली आणलेला असू शकतो, म्हणून एडींची यादीही या नजरेने एकदा वाचा. सप्लिमेंटची पानं बहुतेक वेळा पुस्तकाच्या मागे, सुटी, झेरॉक्स केलेली असतात. तीच आधी हरवतात.

४. डायल नीट वाचा

विमान हँगरमध्ये असताना पायलटच्या सीटवर बसा आणि डायलच्या अगदी समोरून फोटो काढा. तिरक्या कोनातून काढलेल्या फोटोत काचेवरचा पट्टा डायलवरच्या आकड्यापासून सरकलेला दिसतो, आणि मग नसलेली चूक सापडते.

मग भिंग घेऊन हे बघा.

पट्टे डायलवर छापलेले आहेत की काचेवर रंगवलेले? काचेवर असतील तर काच फिरली की सगळे पट्टे एकदम फिरतात. म्हणून काच आणि केस यांच्या सांध्यावरून एक बारीक पांढरी रेघ ओढलेली असते, तिला स्लिपेज मार्क म्हणतात. ती तुटलेली, सरकलेली किंवा मुळातच नसेल तर वहीत लिहा. जुन्या विमानात ही रेघ सगळ्यात आधी बघण्यासारखी आहे आणि तिच्याकडेच फार कुणी बघत नाही.

डायलवर दोन स्केल आहेत का? सत्तरच्या दशकाच्या आधीच्या आणि पूर्वार्धातल्या बऱ्याच सेसनांत बाहेरचं स्केल मैलांचं आणि आतलं नॉटचं असतं, नंतरच्यांत नॉट बाहेर आले. कुठल्या स्केलवर काय लिहिलं आहे ते शब्दशः उतरवा.

बाहेर फिरणारी कडी आहे का? ती ट्रू एअरस्पीड काढण्यासाठी असते. तिच्यावरचे आकडे पट्ट्यांशी ताडायचे नाहीत.

रंग ओळखू येतात का? उन्हात वर्षानुवर्षं उभ्या राहिलेल्या विमानात पिवळा पट्टा पांढरट होतो आणि लाल रेघ नारिंगी.

डायलवरचा किंवा मागच्या लेबलवरचा पार्ट नंबर मिळाला तर डॅशनंतरच्या आकड्यांसकट घ्या. पॅनेलमधलं भोक सव्वातीन इंचाहून किंचित लहान, म्हणजे ३ १/८ इंचाचं असतं आणि त्यात १५० चा एएसआय बसतो तसाच १५२ चाही बसतो. बसला म्हणजे चालतो असं नाही. जुन्या १५० ची लाल रेघ ताशी १६२ मैलांवर, म्हणजे १४१ नॉटवर, आणि १५२ ची १४९ नॉटवर आहे.

आणि डायलवर रंगच नसतील तर? विमान १९४५ च्या आधीचं असेल तर तो दोष नाही, कारण रंगीत पट्ट्यांची अट त्यानंतर बनलेल्या विमानांना आहे. १९३२ साली जेआरडी टाटा कराचीहून टपाल घेऊन जुहूला उतरले, ते पस मॉथ त्याच काळातलं. पण तुमच्या वाट्याला असलं विमान येण्याचा योग कमीच.

५. एकक आणि वेगाचा प्रकार

सगळ्यात जास्त चुकीचे निष्कर्ष या पायरीवर निघतात, म्हणून इथे थोडा वेळ द्या.

एकक सोपं आहे. एक नॉट म्हणजे ताशी १.१५ मैल किंवा १.८५२ किलोमीटर. मैलाला १.१५ ने भागलं की नॉट मिळतात.

वेगाचा प्रकार मात्र फसवतो. सुई दाखवते तो इंडिकेटेड, म्हणजे आयएएस. पायटो (समोरून हवेचा दाब घेणारी नळी) आणि स्टॅटिक पोर्ट (स्थिर हवेचा दाब घेणारं छिद्र) यांच्या जागेमुळे येणारी चूक काढून टाकल्यावर मिळतो तो कॅलिब्रेटेड, म्हणजे सीएएस. सेसनाच्या जुन्या पुस्तकांत मर्यादा ताशी मैलांत आणि सीएएसमध्ये दिलेल्या आहेत. १९७६ च्या मॉडेलपासून त्या नॉटमध्ये आणि आयएएसमध्ये आल्या. हा बदल ठाऊक नसला की काय होतं, ते १७२ वरच बघू.

१९७४ च्या आसपासच्या १७२एमच्या पुस्तकात पांढरा पट्टा ५४ ते १००, हिरवा ६१ ते १४५, पिवळा १४५ ते १८२ आणि लाल रेघ १८२, सगळं ताशी मैल, सीएएस. आता नॉट करा. लाल रेघ १५८, हिरव्याचं वरचं टोक १२६, पांढऱ्याचं वरचं ८७, हिरव्याचं खालचं ५३ आणि पांढऱ्याचं खालचं ४७.

हे १७२एनच्या आकड्यांशेजारी ठेवा: १६०, १२८, ८५, ४७, ४१. दोन्ही विमानांचं कमाल वजन २,३०० पौंडच. वरच्या टोकांना फरक दोन नॉटचा आहे, खालच्या टोकांना सहाचा. बघणारा म्हणेल की एमचे पट्टे चुकले किंवा एनचे. पण एनच्या पुस्तकात आयएएसशेजारी सीएएसचे आकडेही दिले आहेत, ते बघा. १६० नॉट आयएएस म्हणजे १५८ सीएएस, ४१ आयएएस म्हणजे ४७ सीएएस. दोन्ही पुस्तकं एकच गोष्ट सांगत आहेत, वेगळ्या मापात.

खालच्या टोकाला फरक मोठा का, हेही समजून घ्या. कमी वेगात नाक वर असतं, हवा पायटोच्या तोंडात सरळ शिरत नाही, म्हणून सुई खऱ्यापेक्षा कमी दाखवते. त्यामुळे पांढऱ्या आणि हिरव्या पट्ट्याच्या खालच्या टोकांवर आयएएस-सीएएसचा घोळ सर्वात जास्त दिसतो, आणि तिथेच सगळ्यात आधी संशय घेतला जातो.

म्हणून नियम असा ठेवा: आकड्याशेजारी एकक आणि प्रकार दोन्ही लिहिल्याशिवाय वहीत आकडा लिहायचाच नाही. ‘१८२’ लिहू नका, ‘१८२ मैल सीएएस’ लिहा. टीसीडीएसमधून आकडा घेतलात तर तिथे प्रकार काय दिला आहे तेही तिथूनच घ्या.

६. शेजारी-शेजारी मांडा

वहीत चार रकाने करा: पट्ट्याचं टोक, पुस्तकातला आकडा, टीसीडीएस किंवा सप्लिमेंटमधला आकडा आणि डायलवर प्रत्यक्ष दिसणारा. सात ओळी पुरतात: तीन पट्ट्यांची प्रत्येकी दोन टोकं आणि लाल रेघ. हिरवा संपतो तिथेच पिवळा सुरू व्हायला हवा आणि पिवळा संपतो तिथेच लाल रेघ. मध्ये फट दिसली किंवा पट्टे एकमेकांवर चढले असतील तर पुस्तक न उघडताही काहीतरी बिघडलं आहे हे कळतं.

फ्लॅपचा एक प्रश्न हमखास येतो. १७२पी मध्ये दहा अंश फ्लॅप ११० नॉटपर्यंत वापरता येतात, मग पांढरा पट्टा ८५ वरच का संपतो? कारण पट्टा पूर्ण फ्लॅपचा आहे. दहा अंशांची मर्यादा प्लॅकार्डवर किंवा फ्लॅपच्या स्विचजवळ लिहिलेली सापडेल. प्लॅकार्डही याच फेरीत तपासून घ्या. ते पुसट झालेले असतात, नाहीतर नवं इंटिरियर करताना कुणीतरी काढून ठेवलेले असतात.

७. फरक सापडला तर

आधी पुस्तकाची लागूता, मग एकक, मग आयएएस की सीएएस, मग सप्लिमेंट आणि एडी, याच क्रमाने पुन्हा बघा. एवढं करूनही फरक उरला तर तो खरा धरा.

सगळे फरक सारखे नसतात. डायलवरची लाल रेघ किंवा पांढऱ्या पट्ट्याचं वरचं टोक पुस्तकापेक्षा जास्त असेल तर उडू नका. तुम्हाला सुरक्षित वाटणारा वेग प्रत्यक्षात मर्यादेबाहेरचा आहे. खालची टोकं पुस्तकापेक्षा कमी असतील तर अप्रोचवर, म्हणजे उतरायला येताना, स्टॉलच्या वेगापासून जेवढं अंतर आहे असं वाटतं तेवढं ते नसतं. लाल रेघ पुस्तकापेक्षा खाली असेल तर लोक म्हणतात, ‘अरे, ही तर सेफ साइडला आहे’. धोका कमी आहे हे खरं, पण तो डायल बहुधा दुसऱ्या विमानाचा आहे, आणि मग पांढरा पट्टाही दुसऱ्याच विमानाचा असणार.

टेक लॉगमध्ये (विमानाच्या तांत्रिक नोंदवहीत) स्नॅग, म्हणजे दोषाची नोंद, टाका. ‘एएसआय मार्किंग चुकीचं’ एवढंच लिहू नका. कुठलं टोक, डायलवर किती, पुस्तकात किती, कुठल्या पुस्तकाच्या कुठल्या पानावर, हे लिहा. एएमई साहेबांसमोर तोंडी सांगण्यापेक्षा तो चार रकान्यांचा कागद आणि फोटो ठेवलेत तर काम निम्म्या वेळात होतं. क्लबात आधी तुमच्या इन्स्ट्रक्टर सरांना सांगा, मग ते आणि तुम्ही मिळून पुढे जा. शिकाऊ मुलाने थेट हँगरमध्ये जाऊन चूक काढलेली कुणालाच रुचत नाही, चूक खरी असली तरी.

दुरुस्ती म्हणजे योग्य पार्ट नंबरचा एएसआय किंवा मान्यताप्राप्त इन्स्ट्रुमेंट शॉपकडून पुन्हा मार्किंग, त्याचं रिलीज सर्टिफिकेट आणि लॉगबुकात नोंद. टेपच्या पट्ट्या चिकटवून किंवा नेलपॉलिशने रेघ ओढून भागवायला कुणी सुचवलं तर त्या विमानातून उतरा.

इथेच एक फरक ध्यानात ठेवा. पट्टे बरोबर जागी असूनही सुई चुकीचा वेग दाखवू शकते, तो प्रश्न वेगळा. त्यासाठी पायटो-स्टॅटिक गळती तपासणी आणि बेंच कॅलिब्रेशन लागतं. एफएएच्या एसी ४३.१३-१बी मध्ये दिलेली पायटोची चाचणी अशी: १५० नॉट दिसतील एवढा दाब द्यायचा, नळी बंद करायची, एका मिनिटात सुई १० नॉटपेक्षा जास्त खाली यायला नको. हा दाब फारच कमी असतो. १०० नॉटला तो पाण्याच्या जेमतेम १६.६ सेंटिमीटर उंचीइतका, म्हणजे गवंड्याच्या पाण्याच्या नळीत सहज मोजता येईल एवढाच. म्हणूनच पायटोत तोंडाने फुंकून ‘सुई हलते का बघू’ हा प्रयोग करायचा नाही. फुंकर त्याहून कितीतरी जोरदार असते आणि आतली डबी कायमची वाकते.

८. मुंबईतल्या विमानासाठी थोडं जास्त

जुहूची धावपट्टी समुद्राला लागून आहे. खारी हवा, चार महिन्यांचा पाऊस आणि बाकीचे आठ महिने ऊन, या तिन्हींचा पट्ट्यांवर आणि नळ्यांवर परिणाम होतो. काचेखाली दमटपणाने डाग पडले असतील किंवा आतून धुकं दिसत असेल तर केसची सील गेली आहे असं समजून नोंद करा.

पायटोचं लाल कव्हर विमान उभं असताना नेहमी घातलेलं हवं. कुंभारीण माशीला ती नळी घरट्यासाठी फार आवडते, आणि मातीचं ते घर बाहेरून दिसतंच असं नाही. पावसाळ्यात उघड्यावर उभं राहिलेलं विमान असेल तर स्टॅटिक ड्रेन उघडून पाणी काढायची विनंती एएमईला आवर्जून करा.

तपासणी पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबरात एकदा करा, आणि इन्स्ट्रुमेंट पॅनेल उघडलं गेलं की प्रत्येक वेळी. डायल बदलला नसला तरी पॅनेल परत बसवताना काच फिरलेली असू शकते. तेव्हा सगळी पानं उलटायची गरज नाही. स्लिपेज मार्क, सात टोकं आणि मागच्या वेळचा फोटो एवढं बघितलं की पुरे. विमान विकत घेत असाल तर हेच काम टोकन देण्याआधी करा, आणि चार रकान्यांच्या कागदावर विकणाऱ्याची सही घ्या.